विंचवाचं विष आणि सायटेशनचा हिशेब

१९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुंडले आडनावाच्या डॉक्टरांचं एक छोटं टिपण छापून आलं. विंचू चावल्यानंतर माणसाच्या फुफ्फुसांत पाणी भरतं, असं त्यात नोंदवलं होतं. त्यानंतरही वीसेक वर्षं लाल विंचू चावून अत्यवस्थ झालेल्या दर शंभर रुग्णांमागे तीसपर्यंत माणसं दगावत राहिली. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, खेड्यातूनच वर आलेला. विंचवाचे रुग्ण त्याच्या डोळ्यांदेखत जाऊ लागले, तेव्हा त्याने खाटेशेजारी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. घाम कधी फुटला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कसा चढला आणि कसा कोसळला. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्या निरीक्षणांवरचा लेख छापला. पहिल्या काही तासांतल्या कोणत्या खुणा दिसल्या की पुढे हृदयावर बेतणार, हे तो सांगत होता. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेलं टिपण आलं, प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीबद्दल. ही गोळी वेळेत पोटात गेलेल्यांत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि ती बहुधा एकाच सुरात सांगितली जाते: बघा, प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, तरी केवढं काम! पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. पेपर छापून काय होतंय, काम महत्त्वाचं. मला हा सूर पटत नाही. बावस्करांनी ते लेख लिहिले नसते तर प्राझोसिन हा महाडच्या एका डॉक्टरचा हातगुण ठरला असता आणि त्यांच्याबरोबर संपला असता. हातगुणाची उलटतपासणी करता येत नाही. लेखाची करता येते. किती रुग्ण, कुठल्या अवस्थेतले, किती तासांनी आले, किती वाचले, हे कागदावर आलं की चेन्नईचा डॉक्टर ते आपल्या वॉर्डात ताडून पाहू शकतो आणि चूक असेल तर तसं छापूही शकतो. म्हणून संशोधकाच्या प्रकाशनांची यादी मी फार मोलाची मानतो. त्या यादीची बेरीज करून एक आकडा काढायचा, त्यावर माणसाची नेमणूक, बढती आणि प्रतिष्ठा ठरवायची आणि यादीतलं काहीही उघडून पाहायचं नाही, ही जी रीत पडली आहे तिच्याशी माझं भांडण आहे.

रोगप्रतिकारशास्त्रात, म्हणजे इम्युनॉलॉजीत, हे भांडण सर्वांत चांगलं समजतं, आणि त्यासाठीही बावस्करांचाच पुढचा लेख उपयोगी आहे. ते रूढ अर्थाने इम्युनॉलॉजिस्ट नाहीत. पण २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं तो या शास्त्राचाच होता: विंचवाच्या विषावर प्रतिविष चालतं का?

लाल विंचवाचं विष चेतापेशींतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. त्यामुळे शरीरात अॅड्रेनलिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं बेसुमार सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी साचतं. प्राझोसिन विषाला हात लावत नाही, ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. प्रतिविषाचं काम वेगळं. घोड्याला विषाच्या थोड्या थोड्या मात्रा देत गेलं की त्याच्या रक्तात त्या विषाला धरणारी प्रतिपिंडं तयार होतात; ती वेगळी काढून, शुद्ध करून माणसाला टोचायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेरिंग आणि किटासातो यांनी घटसर्प-धनुर्वातावर आणि काल्मेट यांनी सापाच्या विषावर वापरलेलं हेच तत्त्व. विंचवाच्या बाबतीत शंका अशी होती की रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत अॅड्रेनलिनचा धिंगाणा सुरू झालेला असतो. मग विषाला धरून काय उपयोग? या शंकेत तथ्य होतं. दुसरीकडे कोकणातल्याच डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ग्रामीण रुग्णालयातला प्रतिविषाचा चांगला अनुभव छापला होता. बावस्करांचं नाव तर प्राझोसिनशी जोडलं गेलेलं. त्यांनी ७० रुग्ण घेतले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले दुसऱ्या गटात ३२ निघाले आणि पहिल्या गटात ८.

ज्या औषधाने नाव झालं ते एकटं पुरेसं नाही, हे त्या औषधाच्या पुरस्कर्त्यानेच आकड्यांनिशी मांडलं. माझ्या लेखी या माणसाच्या प्रकाशनांतली ही सर्वांत मोठी गोष्ट. पण ती कुठल्या निर्देशांकात दिसणार? सायटेशनच्या, म्हणजे इतरांच्या लेखांत मिळालेल्या संदर्भांच्या, खात्यात स्वतःचा जुना निष्कर्ष सुधारणारा लेख आणि तोच निष्कर्ष सात ठिकाणी फिरवून छापणारे सात लेख यांत फरक एवढाच की सात जास्त भरतात. उलट लेख उघडला की त्याच्या मर्यादाही दिसतात. रुग्ण एकाच रुग्णालयातले होते. कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं. दोन वर्षं आधी, २००९ मध्ये, अॅरिझोनातल्या १५ मुलांवरची चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली होती. तिथं कोणाला प्रतिविष आणि कोणाला नुसतं पाणी हे कोणालाच माहीत नव्हतं. प्रतिविष मिळालेली आठही मुलं चार तासांत सावरली, न मिळालेल्या सातांपैकी एकच. विंचू वेगळा, विषाची तऱ्हा वेगळी, रुग्ण मोजके, पण चाचणीची बांधणी अधिक कडक. हे दोन लेख शेजारी ठेवून वाचणाऱ्याला जे कळतं ते त्यांच्या सायटेशनचे आकडे शेजारी ठेवून कधीच कळणार नाही.

सायटेशन मोजण्याची कल्पना मुळात वाईट नव्हती. युजीन गारफिल्ड या अमेरिकन माहितीतज्ज्ञाने १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये ती मांडली आणि १९६४ पासून फिलाडेल्फियातून त्याचा ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागला. एखाद्या लेखाचा पुढे कोणी कोणी आधार घेतला, कोणी तो खोडून काढला, याचा माग काढायला ते उत्तम साधन होतं आणि आजही आहे. मुंडल्यांच्या टिपणापासून निघून २०११ पर्यंत यायचं तर याच वाटेने यावं लागतं. इम्पॅक्ट फॅक्टरही नियतकालिकं निवडण्याच्या कामासाठी होता. अमुक नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात, एवढंच तो सांगतो. त्यातला एखादा लेख कसा आहे हे सांगण्याची त्याची ऐपत नाही. २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. ज्याच्या वीस लेखांना प्रत्येकी किमान वीस सायटेशन आहेत त्याचा एच-इंडेक्स वीस. आयुष्यात दोनच लेख लिहिले आणि दोन्हींनी शास्त्राची दिशा बदलली, तर एच-इंडेक्स दोन. यापुढे चढत नाही.

या आकड्यांमागचं साधं वास्तव असं की सायटेशन म्हणजे त्या विषयात लिहिणाऱ्या माणसांची संख्या. कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीत जगभरात हजारो प्रयोगशाळा आहेत, प्रत्येकीतून दरवर्षी लेख निघतात आणि प्रत्येक लेखाखाली साठ-सत्तर संदर्भांची यादी असते. त्या गर्दीत मध्यम कुवतीच्या लेखालाही शेकडो हात लागतात. लाल विंचवाच्या विषावर काम करणारे जगात किती? महाराष्ट्र आणि दक्षिणेतली काही रुग्णालयं, काही विषतज्ज्ञ. त्या सगळ्यांनी न चुकता उल्लेख केला तरी आकडा फार वर जात नाही. गरिबांच्या आजाराचा तज्ज्ञ सायटेशनमध्येही गरीबच राहतो, आणि यात त्याच्या लेखाचा काही दोष नसतो.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. जगात सर्वांत जास्त सायटेशन मिळालेला लेख १९५१ चा, ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा, नमुन्यात प्रथिन किती आहे हे मोजण्याच्या पद्धतीवरचा. २०१४ मध्ये ‘नेचर’ने मोजणी केली तेव्हा तो तीन लाखांच्या पुढे गेला होता. पद्धत उपयोगी खरीच, प्रयोगशाळेत रोज लागणारी. पण हा आपला थोर लेख नव्हे, हे खुद्द लॉरींना ठाऊक होतं. आणि जेन्नरला आज कोण साइट करतं? देवीच्या लशीवरचं त्याचं काम रॉयल सोसायटीने घेतलं नाही म्हणून १७९८ मध्ये त्याने स्वखर्चाने पुस्तिका छापली. १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत अॅना डस्टहॉल या लहान मुलीला ती लस टोचली गेली आणि हिंदुस्थानात लसीकरणाला सुरुवात झाली. आज लशीवरच्या लेखात जेन्नरचा संदर्भ देणं म्हणजे दोन अधिक दोनचा आधार देणं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने हे नेमकं टिपलं होतं: ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडलं की ते मांडणाऱ्याचं नाव तळटीपेतून गळून जातं. जे पूर्ण जिंकतं त्याचे सायटेशन आटतात.

आता मुंबईचं एक प्रकरण, जे मला या साऱ्या चर्चेत सर्वांत अस्वस्थ करतं. १९५८ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि वसंत खानोलकर यांनी एका कुष्ठरुग्णाच्या गाठीतून काढलेला जंतू प्रयोगशाळेत वाढवला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ जंतू म्हटलं गेलं. कुष्ठाचा जंतू आजवर कोणालाही काचेच्या नळीत वाढवता आलेला नाही. उंदराच्या पंजात आणि पुढे आर्माडिलो या प्राण्यात तो वाढला, तेवढंच. त्यामुळे मुंबईचा हा जंतू खरोखर कुष्ठाचा आहे का, यावर वाद झाला. अखेरीस तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलेर या वेगळ्या गटात बसवला गेला. इथं प्रकरण संपायला हवं होतं. पण कुष्ठाच्या जंतूशी त्याचं काही अंशी प्रतिजनीय साम्य होतं आणि डॉ. एम. जी. देव यांच्या गटाने गॅमा किरणांनी तो मारून त्याची लस केली.

लशीची खरी परीक्षा तामिळनाडूत झाली. पुण्या-मुंबईच्या वैद्यकीय वर्तुळात परिचित असलेले डॉ. मोहन गुप्ते तिथं साथरोगशास्त्राचं काम पाहत होते. १ लाख ७१ हजार ४०० लोकांना वेगवेगळ्या लशी किंवा नुसतं द्रावण टोचून काही वर्षं पाठपुरावा झाला. १९९८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ लेप्रसी’त निकाल आला. नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के संरक्षण, बीसीजी आणि मारलेले कुष्ठजंतू मिळून ६४ टक्के, दिल्लीत डॉ. तलवार यांनी विकसित केलेल्या एमडब्ल्यू लशीने २५.७ टक्के आणि मुंबईच्या आयसीआरसीने ६५.५ टक्के. सर्वांत वरचा आकडा मुंबईचा, आणि तो अशा जंतूपासूनचा ज्याची ओळख पटवण्यातच चाळीस वर्षांपूर्वी घोळ झाला होता.

पुढे काय झालं? बाजारात आणि सरकारी कार्यक्रमात एमडब्ल्यू आली. २०१६ मध्ये कुष्ठरुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना देण्यासाठी केंद्राने जी लस जाहीर केली तीही एमडब्ल्यूच, एमआयपी या नव्या नावाने. यात सगळा अन्याय आहे असं मी म्हणत नाही. कानपूर देहातमधल्या दुसऱ्या चाचणीत एमडब्ल्यूने रुग्णांच्या घरच्यांत चांगलं संरक्षण दिलं होतं. शिवाय १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला, कुष्ठरोग झपाट्याने ओसरला आणि लशीची गरजच कोणाला फारशी वाटेनाशी झाली. पण ज्याला हे सगळं तोलायचं आहे त्याला १९९८ चा तक्ता उघडावा लागतो, कानपूरचा तक्ता उघडावा लागतो, दोन्हीकडे कोणाला टोचलं हे पाहावं लागतं. त्या लेखाला किती सायटेशन आहेत हे कळल्याने यातलं काहीच कळत नाही. १९५८ च्या लेखाचे सायटेशन तर बहुधा अर्धे आधार घेणारे आणि अर्धे शंका काढणारे. खात्यात दोन्ही जमेलाच पडतात.

आपल्या महाविद्यालयांत या साऱ्याचं जे झालं ते सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २०१० पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, गुणांकाची (एपीआय) पद्धत आणली. ‘एपीआय भरायचाय’, ‘कॅसची फाईल लावायचीय’, ‘नॅक तोंडावर आलंय’ ही स्टाफरूमची भाषा झाली; कॅस म्हणजे बढतीची योजना, नॅक म्हणजे महाविद्यालयाचं मूल्यांकन. पेपर लिहिणं मागे पडलं, पेपर ‘टाकणं’ आलं. पैसे भरा, आठवड्यात छापून मिळेल, अशी नियतकालिकं गल्लोगल्ली निघाली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीची मान्यताप्राप्त यादी तपासली, तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही मान्यवर सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता त्यांना दिसली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून उडवली. मग केअर यादी आली, तिचं मुख्य काम पुण्यातच चाललं. २०२५ च्या सुरुवातीला तीही बंद झाली आणि जबाबदारी ज्या त्या संस्थेवर टाकण्यात आली. एक यादी गेली, दुसरी आली, तीही गेली. या सगळ्यात उमेदवाराचा लेख कोणी वाचायचा, हा प्रश्न एकाही परिपत्रकाने सोडवला नाही. आता वर स्टॅनफर्डच्या ‘जगातल्या आघाडीच्या दोन टक्के’ शास्त्रज्ञांच्या यादीत नाव आलं की कॉलेजच्या फाटकावर हार घातलेल्या फोटोचा फ्लेक्स. संशोधन कशावर आहे ते फ्लेक्सवर लिहीत नाहीत. जागा उरत नसावी.

इथं एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आकडे काढून टाकले तर काय उरतं? निवड समिती. आणि आपल्याकडे निवड समिती म्हणजे काय असते, हे ज्याने अर्ज केलाय त्याला विचारा. संस्थाचालकाचा भाचा, कुलगुरूंच्या ओळखीचा, जातीचा, गावचा. ज्याच्या मागे कोणी नाही अशा मुलाला आकडा हाच एक आधार असतो: माझे इतके लेख, इतके सायटेशन, आता नाकारून दाखवा. खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या संशोधकाला सायटेशनचा आकडा हा जातीच्या आणि ओळखीच्या पलीकडचा साक्षीदार वाटतो, आणि ते वाटणं खोटं नाही. पुण्या-मुंबईतले काही प्रस्थापित शास्त्रज्ञ ‘आकड्यांपेक्षा गुणवत्ता बघा’ असं म्हणतात तेव्हा मला थोडी धास्तीच वाटते. गुणवत्ता बघणारे डोळे कोणाचे असणार?

पण हा साक्षीदारही आता विकत मिळतो. पैसे देऊन लेख, पैसे देऊन लेखकांच्या यादीत नाव, एकमेकांना साइट करणारी टोळकी. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे तो इथंही पुढे जातो. मागे राहतो तोच, ज्याच्यासाठी आकड्याची ढाल हवी होती. आमच्या माणदेशात बाजारात मेंढरू घेणारा धनगर आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो, मग पाठीच्या कण्यावर हात दाबून मांस चाचपतो, आणि भाव त्यानंतर बोलतो. कळपात किती आहेत हे ऐकून कोणी पैसे मोजत नाही. निवड समितीने एवढं तरी करावं. उमेदवाराने स्वतः निवडलेले तीनच लेख द्यावेत. समितीतल्या दोघांनी ते वाचून प्रत्येकावर पानभर लिहावं: प्रश्न कोणता होता, पुरावा किती, कमतरता कोणती. आणि ती पानं उमेदवाराला आणि संस्थेबाहेरच्या कोणालाही पाहायला मिळावीत. वशिला संपणार नाही, पण भाच्याच्या लेखावर पानभर खोटं सही करून लिहिणं ही शून्यावर एक आकडा चढवण्याइतकी सोपी गोष्ट नसते. सान फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा २०१३ मध्ये हेच म्हणाला होता: माणसाला त्याच्या नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नका, कामाकडे बघा. सह्या पुष्कळांनी केल्या. वाचायला वेळ काढणारे त्या मानाने कमी निघाले.

सायटेशनच्या हिशेबात मुळीच न बसणारा एक वर्ग राहतो: संशोधन वापरणारे. माणदेशातल्या म्हसवडहून पाहिलं की हाच वर्ग सर्वांत मोठा दिसतो. सिद्धनाथाच्या या गावाभोवतीचा मुलूख कमी पावसाचा. माणगंगेला पाणी क्वचित, राजेवाडीचा तलाव ब्रिटिशांच्या दुष्काळी कामांतला, माळ मुरमाड आणि दगडी. शेळ्या-मेंढ्यांवर घरं चालतात. इथल्या म्हाताऱ्यांना बुळकांडी आठवते. गाई-बैल आठवड्यात आडवे करणारा तो रोग. वॉल्टर प्लॉराइटने १९६२ मध्ये ऊतिसंवर्धनातून केलेल्या लशीचं तंत्र जगभर पोचलं. भारतात शेवटची बुळकांडी १९९५ मध्ये दिसली आणि २०११ मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ संपवलेला हा दुसराच रोग. तिचीच भावकी असलेला, शेळ्या-मेंढ्यांवर येणारा पीपीआर रोग भारतात पहिल्यांदा १९८७ मध्ये तामिळनाडूत नोंदला गेला. इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात सुंग्री या नावाच्या विषाणूपासून त्यावर लस झाली. पावसाआधी मेंढपाळ कळपाला ती टोचून घेतो आणि वाटेला लागतो. त्याची मेंढरं जगली याची नोंद कुठल्याच सायटेशन इंडेक्समध्ये होत नाही. पशुधन पर्यवेक्षकाच्या वहीत होते, आणि ती वही कोणी साइट करत नाही. बढतीच्या फाईलला जोडायचंच असेल तर अशा वह्यांचा हिशेब जोडावा: तुमची लस किती तालुक्यांत गेली, तुमचा उपचार कोणत्या सरकारी सूचनेत शिरला, तुमची गोळी कुठल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात आहे.

विंचू इथंही आहे. दगडी बांध, उपसलेल्या विहिरींचे ढीग, उन्हाळ्यात अंगणात अंथरलेली वाकळ. इथल्या रुग्णाला सातारच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर वाटेत दीड-दोन तास जातात, आणि प्रतिविषाचा गुण तर वेळेवर अवलंबून. महाडचा निष्कर्ष इथं लागू आहे असं सगळे गृहीत धरतात. पण लाल विंचवाचं विष सगळीकडे सारखं नसतं. सह्याद्रीच्या दमट पट्ट्यातल्या आणि दख्खनच्या कोरड्या पठारावरच्या विंचवांच्या विषातली प्रथिनं ताडून पाहिली तेव्हा त्यांत फरक आढळले. हे प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. सापाबाबत तर ही गोष्ट आणखी उघड आहे. प्रतिविषासाठीचं बरंचसं विष चेन्नईजवळच्या इरुला सहकारी संस्थेतून येतं आणि तिकडच्या घोणसीविरुद्धची प्रतिपिंडं इकडच्या घोणसीला तितक्याच ताकदीने धरतील असं नाही.

तेव्हा माण-खटाव-आटपाडीच्या माळावरचे विंचू कोणीतरी गोळा करायला हवेत. त्यांचं विष काढून, उपलब्ध प्रतिविष त्याला किती प्रमाणात निष्प्रभ करतं हे उंदरांवर आणि मग रुग्णांच्या नोंदींतून तपासायला हवं. काम दोन-तीन वर्षांचं आहे, पैसा फार लागत नाही, चिकाटी लागते. लेख निघेल तो विषशास्त्राच्या एखाद्या मध्यम नियतकालिकात. साइट करणारे दहा-पंधरा भेटतील. त्याच तीन वर्षांत कर्करोगाच्या इम्युनोथेरपीवर इतरांच्या लेखांचे चार आढावे लिहिणारा सहकारी एच-इंडेक्समध्ये त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असेल, आणि कॅसची मुलाखत दोघांची एकाच दिवशी असेल.